वेणीत बांधलेल्या तारा

घरी बसून व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर उघडायचा तर पहिला नियम असा, की डावा हात पाठीमागे ठेवायचा. आत चारशे व्होल्टच्या आसपास वीज खेळत असते. ती एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडायला गेली तर वाटेत काळीज लागतं. एकच हात आत असला, की निदान तो रस्ता बंद. सासऱ्यांनी हा नियम इतकी वर्षं पाळला होता, की टेबलापासून उठल्यावरही त्यांचा डावा हात पाठीवरून खाली यायला तयार नसे. सासूबाई म्हणायच्या, "यांना ओला टॉवेल पिळायला देऊन बघा. एका हाताने पिळतात."

सासरे सिनेमाघरांच्या आवाजयंत्रणा सांभाळायचे. ते काम सुटलं, पण काचेच्या नारिंगी उजेडात बसायची सवय सुटली नाही. मागच्या लहान खोलीत त्यांचं टेबल होतं. गिटार वाजवणारे लोक जुने अ‍ॅम्प घेऊन यायचे, आणि सासरे ते उघडून कुणाचा आवाज गोड करून द्यायचे, कुणाचा खरखरीत. एका उंच, सडपातळ गिटारवाल्याचं घरात नावच जिराफ पडलं होतं. त्याला आपल्या अ‍ॅम्पचा आवाज जरा लवकर फाटायला हवा होता. सासूबाई त्याला दारातच म्हणाल्या होत्या, "लोक फाटलेलं शिवून घ्यायला येतात. तू शिवलेलं फाडून घ्यायला आलायस."

त्यासाठी अ‍ॅम्पमध्ये एक व्हॉल्व्ह वाढवावा लागणार होता. सासऱ्यांनी जुन्या तारा काढून सगळं मोकळं केलं, आणि त्याच आठवड्यात ते त्या खोलीत पडले.

मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, दार वाजवलं, हाका मारल्या, मग खांदा देऊन कडी तोडली. टेबलावर एक दुसराच अ‍ॅम्प उघडा, चालू, व्हॉल्व्ह पेटलेले, आणि खाली फरशीवर वडील. बघणाऱ्याला जे वाटेल तेच त्याला वाटलं. प्रत्यक्षात वीज लागलीच नव्हती. हृदयाची गती अचानक मंदावून त्यांना चक्कर आली होती. दवाखान्यात छातीत पेसमेकर बसवला. डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या लोहचुंबकांपासून आणि ट्रान्सफॉर्मरपासून छाती हातभर लांब ठेवा, आणि उघड्या विजेला हात लावायचा नाही म्हणजे नाही. स्पीकरच्या पाठीला बशीएवढं लोहचुंबक असतं. सासरे तो नेहमी तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून खोलीभर फिरायचे.

"ते टेबल घराबाहेर जाणार," नवरा म्हणाला. तो लिफ्टची तपासणी करायचा. कुठे काय तुटू शकतं हे शोधायचाच त्याला पगार मिळायचा, आणि घरी आल्यावरही त्याची ती नजर मिटत नसे.

"बरं," सासरे म्हणाले.

त्या 'बरं'नेच सगळे हादरले. सासऱ्यांनी आयुष्यात कुठल्याच गोष्टीला एका शब्दात होकार दिला नव्हता. त्यानंतर ते वाद घालेनासे झाले. वर्तमानपत्र उलटंपालटं करायचे, खिडकीशी उभे राहायचे, आणि दर थोड्या वेळाने जाऊन फ्रिज उघडायचे.

"काय बघता हो सारखं?" सासूबाई विचारायच्या.

"काही नाही."

"मघाशी होतं तेच आहे आत. अंड्यांतून काही पिल्लं बाहेर आली नाहीत."

एरवी यावर त्यांनी काहीतरी टोला हाणला असता. आता ते फक्त दार लावून घ्यायचे. सासूबाई मग सुनेकडे बघायच्या आणि कणीक मळायला घ्यायच्या. त्यांचे हात जरा जास्तच जोरात चालायचे.

सून पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. बोलणं कमी, हात नेटका. तिच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवरही 'मीठ' अशी चिठ्ठी होती. आठवडाभर तिने तो फ्रिज उघडण्याचा आवाज ऐकला, आणि एकदा जेवताना म्हणाली, "जिराफाचा अ‍ॅम्प मी पुरा करते. बाबा नुसतं सांगतील."

नवऱ्याचा घास हातात राहिला. "तुला काय येतं त्यातलं?"

"काही नाही. म्हणून तर बाबा सांगतील."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर टेबल भंगारवाल्याकडे. मी स्वतः फोन करीन. पण कुणाला काही इजा न होता तो नीट वाजला, तर टेबल राहील. बाबांनी लांबून सांगायचं, हात दुसऱ्याचे. पुढेही तसंच."

नवऱ्याने वडिलांकडे पाहिलं. सासरे ताटातली कोशिंबीर अगदी बारकाईने बघत होते. त्यांचा कान मात्र इकडेच होता, हे लपत नव्हतं.

"लांबून म्हणजे दारातून," नवरा म्हणाला. "उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. आणि वाजवून बघाल तेव्हा मी समोर असणार."

"बरं," सासरे म्हणाले; पण हे 'बरं' मागच्यासारखं नव्हतं.

तुटक्या कडीचं दार सताड उघडं ठेवून उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकली गेली. तेवढ्या अंतरावरून सासऱ्यांना टेबलावरचं काही दिसेना. दुसऱ्या दिवशी ते पक्षी बघायची जुनी दुर्बीण गळ्यात अडकवून आले.

"तार तापव आधी. कथील तारेला लाव, इस्त्रीला नाही."

सोल्डरिंगच्या तापलेल्या दांड्याला ते इस्त्रीच म्हणायचे.

"लावलं."

"ढकलू नको गं. त्याला आपणहून वितळावंसं वाटलं पाहिजे. हां. आता फुंकर नाही मारायची."

"मारली नाही."

"मारणार होतीस. गाल फुगलेले दिसले मला."

राळेचा धूर नाकात जायचा, आणि सून जीभ किंचित बाहेर काढून सांधे करायची. उंबऱ्यापलीकडून दुर्बीण इकडेतिकडे फिरायची. "उजवीकडून तिसरा पिठूळ दिसतोय. चमकला पाहिजे. परत कर." ती परत करायची. चहा घेऊन आलेल्या सासूबाई दोघांकडे बघून म्हणायच्या, "सामना कितीवर आलाय?"

"सूनबाई नाबाद," सासरे म्हणायचे.

एकेक गोष्ट त्यांनी तिला माणसांची ओळख करून द्यावी तशी सांगितली. गोल डब्यासारखे मोठे कपॅसिटर दाखवून ते म्हणाले, "वायर उपटली, दिवे विझले, तरी हे विजेने भरलेलेच असतात. रुसलेल्या माणसासारखे. वरून शांत, हात लावला की कळतं. आधी यांना मोकळं व्हायला वेळ द्यायचा, मग मीटर लावून खात्री करायची, मगच हात." तिला हे पटकन समजलं. घरात रुसणारी माणसं तीन होती.

आणि सासरे पुन्हा वाद घालू लागले. जेवणात, बातम्यांवर, डाळीतल्या मिठावर. फ्रिजचं दार शांत झालं. सासूबाईंनी एकदा सुनेच्या ताटात न विचारता तूप वाढलं.

तारा जोडायचं काम आलं त्या सकाळी सासऱ्यांना तपासणीसाठी दवाखान्यात जायचं होतं. कुठली तार कुठून कुठे जाते हे त्यांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. सून एकटी टेबलाशी बसली. तारा जोडल्या तेव्हा त्या आतमध्ये वाटेल तशा पसरल्या होत्या, झोपेतून उठलेल्या केसांसारख्या. तिला ते बघवेना. प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्राच्या पोटात तिने पाहिलं होतं, सगळ्या तारा एका जुडीत, ठरावीक अंतरावर मेणाच्या दोऱ्याच्या गाठी. तिने तसंच केलं. पिवळी, निळी, लाल, पांढरी, सगळ्या एकमेकींना समांतर बसवल्या, कोपऱ्यात एकाच बाकात वळवल्या आणि बोटभर अंतराने गाठी मारल्या. दुपारपर्यंत अ‍ॅम्पच्या पोटात एक लांबसडक वेणी तयार झाली.

सासरे आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. ती बराच वेळ खाली आली नाही.

"बाबा, चुकलं का काही?"

त्यांनी दुर्बीण काढून सदऱ्याच्या टोकाने तिची भिंगं पुसली. "नाही गं. फार छान झालंय. माझ्या हातून जन्मात असं झालं नसतं."

सून लाजली. तिच्या कामाची पत्रकं बिनचूक असायची, आणि बिनचूक पत्रकाला कुणी छान म्हणत नाही. तिने सासूबाईंना हाक मारून ती वेणी दाखवली. सासूबाई चष्मा सारखा करून वाकल्या. "शाळेत जाताना माझी आई अशी घालायची," त्या म्हणाल्या. "दुखायचं फार."

रविवारी सकाळी जिराफ गिटार घेऊन आला. दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून तो सवयीने वाकला, आणि आत आल्यावरही तसाच वाकून राहिला. सासरे उंबऱ्याबाहेर खुर्चीत, त्यांच्यामागे सासूबाई उभ्या. नवरा खोलीत, भिंतीवरच्या बटणापाशी; हात छातीवर घट्ट बांधलेले, लिफ्टचं दार उघडायची वाट बघावी तसा.

"आधी दिवा लावून," सासरे म्हणाले.

पहिल्यांदा चालू करताना अ‍ॅम्पच्या वाटेत एक साधा दिवा जोडतात. आत कुठे शॉर्ट असलं तर दिवा झगझगीत पेटून राहतो आणि अ‍ॅम्प वाचतो. सुनेने डावा हात पाठीमागे घेऊन बटण दाबलं. दिवा उजळला आणि हळूहळू मंदावला. सासऱ्यांनी श्वास सोडला. मग दिवा काढून अ‍ॅम्प सरळ जोडला. व्हॉल्व्हच्या तळाशी नारिंगी ठिपके उगवले, आणि खोलीत तापलेल्या धुळीचा वास पसरला.

जिराफाने एक तार छेडली. आवाज आला, जाड, उबदार.

"वाढवू?" जिराफाने विचारलं आणि बटण फिरवलं.

अ‍ॅम्प किंचाळला. गिटारीला हात नव्हता, तरी एकच चिरका सूर, कुकरच्या शिट्टीसारखा, पण न थांबणारा. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. नवऱ्याने भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

व्हॉल्व्ह विझत गेले. नवऱ्याचा चेहरा रागावलेला नव्हता. सुटका झाल्यासारखा होता, आणि सुनेला तेच जास्त लागलं.

"तू केलंस ते पुष्कळ केलंस," तो हळूच म्हणाला. "आता पुरे."

"मी प्रत्येक सांधा दोनदा तपासलाय," ती म्हणाली. "बाबांनीही बघितलाय. बाबा, कुठे चुकलं?"

सासरे दुर्बिणीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होते. "सांधा नाही चुकला. तारा एकत्र बांधल्या ना, त्यामुळे."

"म्हणजे?"

"पिवळी तार गिटारीकडून येते. तिच्यातला आवाज अगदी बारीक, कुजबुज म्हण. निळी शेवटच्या व्हॉल्व्हची. तिच्यात आरडाओरडा. दोघींना तू गळ्यात गळा घालून बसवलंस. ओरडणं कुजबुजीत शिरलं, ते पुन्हा मोठं झालं, पुन्हा शिरलं. वाढवलेल्या व्हॉल्व्हने आणखी जोर दिला."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. हे त्यांना आत्ता सुचलेलं नव्हतं. "तुम्हाला त्या दिवशीच दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत? तुमचं टेबल होतं ना पणाला."

सासऱ्यांनी बोटाभोवतीचा पट्टा सोडवला. "होतं. पण तू इतक्या आशेने बघत होतीस. आणि खरंच सुंदर होतं गं ते. म्हटलं, चालेलही कदाचित. कधी कधी चालतं." मग मान हलवून, "नाही चालत. मला ठाऊक होतं. पण कात्री लाव असं तोंडातून निघेना."

"एवढी वर्षं माझ्या प्रत्येक आमटीला नावं ठेवलीत," सासूबाई मागून म्हणाल्या, "तेव्हा बरं निघत होतं."

जिराफ गिटारीच्या मागे तोंड लपवून हसला. सुनेला मात्र हसू येईना, कारण डोळे भरून आले होते. ती पाठ करून उभी राहिली. मग तिने वायर उपटली, कपॅसिटर मोकळे व्हायला वेळ दिला, मीटर लावून बघितलं, आणि शिवणाच्या डब्यातली लहान कात्री मागितली. एकेक गाठ तिने स्वतः कापली. मेणाचे तुकडे टेबलावर पडत गेले आणि तारा पुन्हा अस्ताव्यस्त झाल्या.

"आता?"

"आता चालू करायचं," सासरे म्हणाले, "आणि कोरड्या लाकडी काडीने एकेक तार हलवून बघायची. कुठे ठेवली की गप्प बसते ते चालू असतानाच कळतं."

"चालू असताना?" नवरा म्हणाला. "उघड्या चारशे व्होल्टमध्ये? मुळीच नाही."

"काडी आत जाईल, हात बाहेर राहील," सून म्हणाली.

"मला माहितीये काय काय घसरू शकतं."

"मलाही माहितीये. रोज उकळत्या आम्लाशी काम करते मी. घसरेल त्याच्या जागा मी आधी बघते." तिने सासूबाईंकडून डाळ घोटायच्या चमच्याची सडपातळ लाकडी दांडी घेतली, मीटरच्या दोन टोकांमध्ये धरून ती कोरडी असल्याची खात्री केली, आणि नवऱ्याकडे पाहिलं. "ठरलं होतं आपलं. कुणाला इजा झाली तर टेबल जाणार. अजून कुणाला काही झालेलं नाही."

त्याने उपटलेली वायर पुन्हा भिंतीत लावली. मग त्याने स्वतःच बटण चालू केलं. सुनेने डावा हात पाठीमागे घेतला. व्हॉल्व्ह पेटले, किंकाळी सुरू झाली, आणि दांडी आत जाऊ लागली तसं तो न राहवून पुढे आला आणि पाठीमागचा तिचा हात धरायला त्याने आपला हात पुढे केला.

"हात नको लावूस तिला," सासरे ओरडले. ते खुर्चीतून उठले होते, पण पाऊल उंबऱ्यावरच थांबलं होतं.

तो गोठला. सुनेने दांडी बाहेर काढून आवाज कमी केला.

"आत काही झालं, तर तिला धरणाऱ्यालाही लागतं," सासरे सावकाश खाली बसत म्हणाले. "आणि दचकून हात घसरतो तो वेगळाच. तू लहान होतास. मी असाच बसलो होतो, हात आत. तू पळत आलास आणि मागून कमरेला मिठी मारलीस. काही झालं नाही. तू हसत होतास. त्याच दिवशी मी दाराला कडी बसवली."

नवऱ्याने दाराकडे पाहिलं. खांद्याने फोडलेली ती कडी एका स्क्रूवर लोंबत होती. त्याला वाटत आलं होतं, की वडील आपल्यापासून दार लावून घेतात. शाळेत असताना तो त्या बंद दाराशी बसून गृहपाठ करायचा, आतून येणारा सूर ऐकत. हे त्याने बायकोला लग्नानंतर केव्हातरी सांगितलं होतं, वडिलांना कधीच नाही.

तो एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. आणि त्याने आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत गच्च धरले.

सुनेने दांडी पुन्हा आत घातली. पिवळ्या तारेला टेकवून ती हळूच बाजूला रेटली. किंकाळी खाली उतरली, जाड झाली. "अजून," सासरे म्हणाले. "डब्याच्या पत्र्याच्या अंगाने. पत्रा तिला आडोसा देईल." तिने पिवळी तार पत्र्याच्या कोपऱ्यात दाबली, निळीला दुसऱ्या कडेला ढकललं, आणि आवाज मध्येच तुटल्यासारखा बंद झाला. उरली फक्त व्हॉल्व्हची बारीक घुं.

जिराफाने बटण पुन्हा वाढवलं, पूर्वीपेक्षाही जास्त. मग त्याने तार छेडली आणि सूर लांबत गेला, कडेला किंचित फाटला, आणि फाटलेल्या कडेतून काहीतरी आतलं, ओलं, माणसाच्या घशातलं बाहेर आलं. जिराफ आपोआप सरळ झाला आणि त्याचं डोकं दिव्याला लागलं.

"हेच," तो म्हणाला. "अहो, हेच."

सासरे डोळे मिटून ऐकत होते. सासूबाईंचा हात त्यांच्या खांद्यावर होता.

सुनेने सगळं बंद केलं, पिवळी तार कोपऱ्यात पक्की बसवली, आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. टेबल राहणार की जाणार, हेच सगळ्यांना विचारायचं होतं.

नवरा दाराकडे गेला. लोंबणारी कडी त्याने हाताने उपटून काढली आणि खिशात टाकली. मग पट्ट्याला नेहमी अडकवलेला टेप काढून दाराची रुंदी घेऊ लागला.

"काय करतोस?" सासऱ्यांनी विचारलं.

"लिफ्टच्या दाराला असते तशी काच बसवतो. आत काम चालू असताना कुणी आत यायचं नाही, ते बरोबर आहे. दार लावा. पण बाहेरून दिसलं पाहिजे." तो टेपकडेच बघत बोलत होता. "हात हिचे किंवा माझे. तुम्ही खुर्ची आत घ्या, पण टेबलापासून लांब, भिंतीशी. आणि स्पीकर मी उचलीन."

"तुला सोल्डर कुठे येतं?" सासरे म्हणाले. त्यांचा आवाज जरा फाटला होता.

"शिकवाल ना. वाद घालायला तरी कुणी मिळेल."

"काच किती उंचीवर?" जिराफाने उपयोगी पडायचं म्हणून विचारलं. "इथे?" त्याने आपल्या डोळ्यांसमोर बोट ठेवलं.

"तिथून माझ्या देवाला दिसेल," सासूबाई म्हणाल्या. "सरक बघू."

त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, नाक लाकडाला टेकेल इतक्या जवळ. मुलाने कानामागची पेन्सिल काढली आणि त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत नेली.

"आई, टाचा खाली."

"खालीच आहेत."

"नाहीयेत," सून म्हणाली.

सासूबाईंनी टाचा खाली टेकवल्या, आणि मुलाने रेघ मारली.